कुणाची लेक, कुठल्या वस्तीची

फाबियाना काल्मोला कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नसे. यात तिच्या एकटीचा दोष नाही. ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या माम आदिवासींच्या वस्त्यांवर लहानपणीच शिकवतात, की वडीलधाऱ्यापुढे आणि शिकलेल्यापुढे मान हलवायची ती वरखाली. आडवी हलली की घरच्या वळणाचा उद्धार होतो. अमेरिकेत ओकलंडला, फ्रूटवेलच्या चौकात तमालेस, म्हणजे पानात वाफवलेले मक्याचे उंडे, विकताना या वळणाने तिचं फार बिघडत नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, "काल दोन जास्तीचे देईन म्हणाली होतीस ना?" ही म्हणायची, "सी." सी म्हणजे हो. दोन तमालेस गेले तर गेले.

पण हेच 'सी' तिने वकिलापुढे म्हटलं आणि स्वतःच्या हाताने गळ्याला फास लावून घेतला.

तिचा नवरा रुफिनो तिच्या डोळ्यांदेखत मारला गेला होता. मारणारा लेंचो, खोऱ्यातल्या पहाऱ्याच्या टोळीचा म्होरक्या. झऱ्याच्या पाण्यावरून वाद झाला आणि बाजाराच्या वाटेवर त्याने रुफिनोला आडवा केला. माती देऊन लोक परतले तेव्हा लेंचो तिच्या अंगणात येऊन बसला. कॉफी मागितली, सावकाश प्यायला आणि म्हणाला, "तू काही पाहिलं नाहीस, हो ना?" फाबियाना त्यालाही हो म्हणाली. उजाडायच्या आत लेकीला, इर्माला, पाठीशी बांधून ती डोंगर उतरली, ती या देशात येऊनच थांबली.

इथला पहिला वकील तिने स्वस्तातला धरला. त्याची स्पॅनिश म्हणजे फुटाणे फुटावेत तशी, आणि फाबियानाची स्पॅनिश बाजारात मीठ-मिरची आणण्यापुरती. "नवऱ्याला चोरांनी मारलं ना?" सी. "चेहरे दिसले नाहीत ना?" सी. "गावात कुणाशी वैर नाही ना?" सी, साहेब, सी. तमालेस गार व्हायच्या आत आसऱ्याचा अर्ज तयार झाला. पुढे तो गृहस्थ दुकान गुंडाळून दुसऱ्या शहरात गेला आणि सुनावणीचा कागद मात्र अर्जाच्या प्रतीसकट फाबियानाच्या दारात येऊन पडला.

तो कागद तिच्या कोमाद्रेने, म्हणजे इर्माच्या धर्ममातेने, तोमासाने, वाचला. तोमासाची जीभ तिखट, पण तोंडचं पाणी तिच्याही पळालं.

"अगं बये, चोरांनी मारलं म्हणून लिहून दिलंस? चोराने मारलं तर ते नशीब. नशिबाला कोण आसरा देतं इथे? इथे विचारतात, परत पाठवलं तर तुला कोण मारणार."

"लेंचो," फाबियाना कुजबुजली. खिडकी बंद होती, तरी कुजबुजली.

"मग त्या वकिलाला का नाही सांगितलंस, मेले?"

"त्याने विचारलंच नाही."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याला पायरीशीच नेऊन उभं केलंय त्याने काय करावं, हे कुणी सांगत नाही. तोमासाने तेवढं सांगितलं. वकील म्हातारा धरायचा, शंभर भुतं पाहिलेला. फ्रूटवेलमध्ये असं एकच नाव होतं, वकीलबाई पेट्रोसियन.

पेट्रोसियनबाई भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया दाताने फोडत बसायच्या आणि टरफलं कपात टाकायच्या. आयुष्य पळून आलेल्या माणसांचे खटले लढण्यात गेलेलं, त्यामुळे कुणाच्या रडण्याने त्या विरघळत नसत आणि कुणाच्या गप्प राहण्याने फसतही नसत. त्यांनी जुना अर्ज चाळला, चष्म्यावरून फाबियानाकडे पाहिलं आणि हळू स्पॅनिशमध्ये विचारलं, "मला वकील नेमायचंय ना तुला?"

"सी, लिसेन्सियादा." लिसेन्सियादा म्हणजे वकीलबाई.

"आणि नेमायचं नाहीये ना?"

"सी."

"ग्वाटेमालाहून इथवर गाढवावर बसून आलीस. डोक्यावर पेटती चूल होती. बरोबर?"

"सी, लिसेन्सियादा."

तोमासाला हसू आवरेना. "चूल होती म्हणे! मग वाटेत भाकऱ्याही थापल्या असतील!" बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज उपडा ठेवला. "हा अर्ज हिने दिलेलाच नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या भाषेतलं माणूस हवं." आणि त्यांनी दुभाषे पुरवणाऱ्या संस्थेला फोन लावला.

फोनमधून एका पुरुषाचा आवाज आला. बाईंनी त्याला फाबियानाचं नाव सांगितलं नाही, नुसतं म्हणाल्या, "माझ्यासमोर एक अशील आहे." मग त्याने माम भाषेत रामराम केला आणि फाबियानाच्या काळजाचं पाणी झालं.

माम भाषा डोंगरागणिक बदलते. हेल ऐकला की कळतं, माणूस कुठल्या ओढ्याचं पाणी प्यालेला आहे ते. हा हेल तुईपाखचा होता. तिच्याच खोऱ्यातला, लेंचोच्या खोऱ्यातला.

"पोरी, कुणाची लेक तू? कुठल्या वस्तीची?" आवाजाने विचारलं.

तो काही आगाऊ नव्हता. माम माणूस दुसऱ्या माम माणसाशी हे विचारल्याशिवाय बोलायलाच लागत नाही, न विचारणं हाच उद्धटपणा. फाबियानाला ते ठाऊक होतं. पण खरं नाव सांगितलं की रात्रीच्या आत ते डोंगरावर पोचेल, हेही ठाऊक होतं. तिकडे तिची म्हातारी आई एकटी होती. खोटं तर खोटं, पण एखादं नाव द्यायलाच हवं होतं, आणि भ्यालेल्या माणसाच्या जिभेवर ज्याची भीती तेच येतं. ती म्हणाली, "सेव्हेरो माल्दोनादोची. वरच्या वस्तीची."

सेव्हेरो माल्दोनादो म्हणजे लेंचोचा सख्खा चुलता.

फोनवरचा आवाज एकदम कोरडा झाला आणि बाई सांगतील तेवढंच विचारू लागला. चोरांनी मारलं? हो. चेहरे पाहिले नाहीत? हो. फाबियानाची मान नंदीबैलासारखी हलत राहिली, ओठ पांढरे पडले, शालीचं टोक तिने बोटांना इतकं आवळलं की बोटं काळीनिळी झाली.

पेट्रोसियनबाई ऐकत नव्हत्या, पाहत होत्या. फोनवर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "बोलू नकोस. तुला इथे काही नको असेल तर हाताने दूर कर. बिया, मी, तोमासा, काहीही."

फाबियाना उठली, टेबलामागे वाकली आणि फोनची तार भिंतीतून उपटून काढली.

आपण हे काय केलं म्हणून ती तार हातात धरून उभी राहिली. शिकलेल्या बाईच्या घरची वस्तू तोडली!

"शाबास," बाई म्हणाल्या. "हा तुझा पहिला नकार. मी अशिलाची सही घेते ती तो मला किंवा माझ्यासमोर एकदा नाही म्हणाल्यावरच. हप्त्याने पैसे दे, जमेल तसे. आता कर सही."

पुढे डोंगराच्या पलीकडच्या अंगाची एक दुभाषी बाई आणली गेली. तिची माम थोडी वेगळी पडायची, शब्द अडखळायचे, पण तिच्यापुढे फाबियानाने झरा, बाजाराची वाट, अंगणातली कॉफी, सगळं सांगितलं. त्या हेलाबद्दलही सांगितलं. नवा अर्ज झाला. भीती मात्र तशीच राहिली, उलट वाढलीच. त्या माणसाने आवाज ओळखला असेल का? चौकात कुणा टोपीवाल्याने दोनदा वळून पाहिलं, की ती तमालेसची टोपली उचलून दुसऱ्या रस्त्याला लागे. आईला फोन करायचीही धास्ती वाटे, न करायचीही.

सुनावणीच्या दिवशी इर्माला तोमासाकडे ठेवून ती बाईंबरोबर खाडीपलीकडच्या कोर्टात गेली. बाईंनी स्त्री दुभाषी मागितली होती. पण कोर्ट आपला दुभाषा आपणच धाडतं, आणि माम बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पन्नाशीचा एक माणूस टोपी काखेत धरून आत आला. न्यायाधीशांनी फाबियाना काल्मो असं नाव पुकारलं, तसं त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग शपथ घ्यायला त्याने तोंड उघडलं.

तोच आवाज.

फाबियानाला समोरचं टेबल दिसेना. बाईंनी हा आवाज एकदाच, फोनवर ऐकला होता, पण त्यांना माम हेल कुठून ओळखू येणार? न्यायाधीशांनी रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, आणि त्या माणसाने तो तिच्या भाषेत तिच्यापुढे ठेवला. "दुभाष्याचं बोलणं नीट समजतंय ना?"

या प्रश्नाला सगळं जग हो म्हणतं. फाबियानाची मान खाली जायला निघालीच होती. तिला भिंतीतून उपटलेली तार आठवली.

"नाही," ती म्हणाली.

"समजत नाही?" न्यायाधीशांनी त्याच्याच तोंडून विचारलं.

"समजतं. सगळं समजतं. म्हणूनच नको."

हे वाक्य न्यायाधीशांना त्यालाच सांगावं लागलं. सांगताना तो अडखळला. मग त्याने आपणहून इंग्रजीत काहीतरी पुढे जोडलं, ते फाबियानाला कळलं नाही. न्यायाधीशांनी वकिलांना जवळ बोलावलं, कुजबूज झाली, आणि सुनावणी दुसऱ्या दुभाष्यासाठी पुढे ढकलली गेली. बाईंनी तिला दाराशेजारच्या बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "नवी तारीख घेऊन आलेच. इथून हलू नकोस."

दार उघडलं आणि तो माणूस बाहेर आला. थेट तिच्याकडे चालत आला. चार पावलांवर तो थांबला. त्याने टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"मी पुढे येत नाही," तो म्हणाला. "इथूनच बोलतो. आत नाव पुकारलं ते काल्मो. फोनवर तू सांगितलंस सेव्हेरो माल्दोनादोची लेक. तोच आवाज, मी विसरलो नाही. लेंचोने माणसं इथवर पाठवली असं समजून मी बायकोपोरांना घेऊन घर बदललं. आता खरं सांग, पोरी. कुणाची लेक? कुठल्या वस्तीची?"

हा माणूस तिला भीत होता. इतके दिवस ती जीव मुठीत धरून होती, आणि हा तिच्यापायी जीव मुठीत धरून होता.

"बालतासार काल्मोची," ती म्हणाली. "खालच्या वस्तीची. रुफिनोची बायको." आणि मग तिने वळणाप्रमाणे विचारलं, "तुम्ही कुणाचे?"

"ओढ्यापलीकडच्या पाब्लोंच्या घरातला. एव्हारिस्तो. सिरियाकोचा भाऊ."

सिरियाको पाब्लो. रुफिनोच्या आदल्या वर्षी, त्याच झऱ्यावर मारला गेलेला. भीतीने कुणी मयताला आलं नव्हतं, चारच माणसं निघाली होती, आणि त्यात एक रुफिनो होता. मेणबत्त्या घेऊन ती स्वतः मागे चालली होती.

"तुमच्या भावाला खांदा दिला त्याने," ती म्हणाली.

एव्हारिस्तोने टोपी तोंडावर धरली. "मी झुडपात होतो," टोपीआडून तो म्हणाला. "लेंचोला पाहिलं मी, सुरा पुसताना. खाली यायची हिंमत झाली नाही. तुझ्या नवऱ्याने खांदा दिला, आणि मी झुडपातच बसून राहिलो."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पेट्रोसियनबाई तरातरा आल्या. बाकावर पांढरीफटक पडलेली अशील आणि तिच्यासमोर रडवेला पुरुष, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी मध्ये हात घातला.

"काय चाललंय? हा तुला त्रास देतोय? शिपायाला बोलावून बाहेर काढू याला?"

सवयीचं 'सी' फाबियानाच्या ओठांपर्यंत आलं. एव्हारिस्तोने मान खाली घातली होती, हाकललं तर निमूट निघून जायला तयार असल्यागत.

"नो," फाबियाना म्हणाली. बाकावर सरकून तिने त्याच्यासाठी जागा केली. "नो, लिसेन्सियादा. याला बसू द्या. आणि विचारा त्याला, तो कुणाचा भाऊ आहे."