पडलेल्याचा गुलाल

गुलालाचा वास आला की मला पिंपळीतली ती सकाळ आठवते. कॅनडात निकालाची रात्र होती आणि आमच्याकडे न्याहारीची वेळ. तिकडची नागरिक झालेल्या माझ्या बहिणीनं पहिल्यांदाच मत दिलं होतं, म्हणून आमचे वडील, आबा, गुलालाची पुडी मांडीजवळ घेऊनच बसले होते. व्हिडिओ कॉलवर बहीण म्हणाली, "आबा, आमचा उमेदवार पडला." आबांच्या हातातला घास तसाच राहिला. इकडं साखर कारखान्याच्या निवडणुकीत आपलं पॅनेल पडलं की निवडून आलेले ऊसतोडीची टोळी मुद्दाम उशिरा धाडतील आणि ऊस शेतातच वाळेल, ही धास्ती त्यांनी जन्मभर बाळगलेली. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आता तुमचं पाणी-बिणी बंद करत्याल का गं? तू कुणाला मत दिलं ते कळलं न्हाय ना कुणाला?" तिनं हसून फोन बाजूला फिरवला. सोफ्यावर शेजारीण बसली होती. तिचा उमेदवार निवडून आला होता आणि ती माझ्या बहिणीच्याच हातचे पोहे खात होती. मग बहिणीचा चेहरा परत दिसला तेव्हा चिमूटभर गुलाल त्यांनी फोनच्या काचेवर, तिच्या कपाळाला लावला. "पडून बी भ्या न्हाय, मंग गुलाल तुझाच!" यंदा कारखान्याला आमचं पॅनेल पडलं. सगळ्यात आधी बहिणीचा फोन आला, "आबा, टोळी येळंवर येईल न्हवं?" आबा हसले, आणि टोळी आली का ते बघायला चपला घालून उसाकडं निघून गेले.