जोडीदाराचा काटा

आमच्या मास्तरांना नव्या वस्तूंचा राग नव्हता. राग होता तो त्या विकत घेणाऱ्यांचा. तलावावर कोणी पायात नवे, चकचकीत रबरी फिन्स घालून आलं की ते आधी फिन्सकडे बघत, मग माणसाकडे, आणि शांतपणे म्हणत, "छान आहेत. आता ह्यांना पोहायला शिकवा." फिन्सवाला बिचारा पुढचे दोन रविवार जुनेच घालून यायचा.

पुण्यात समुद्र नाही, त्यामुळे समुद्राविषयी मतं भरपूर आहेत. त्या मतांना शिस्त लावायचं काम मास्तर दर रविवारी सकाळी कर्वेनगरातल्या एका पोहण्याच्या तलावात करत. खोल बाजूला साडेतीन मीटर पाणी, तळाला निळ्या फरश्या आणि कुणाचा तरी हरवलेला डूल, एवढ्या भांडवलावर ते आम्हाला स्कूबा डायव्हिंग शिकवायचे. आम्ही म्हणजे आयटीतली चार-पाच माणसं, एक दंतवैद्य आणि बँकेतून निवृत्त झालेलं एक जोडपं. डिसेंबरात एकदा मालवणला जाऊन खऱ्या समुद्रात उतरायचं आणि उरलेले अकरा महिने त्याबद्दल बोलायचं, असा आमचा छंद होता. मी त्यांत जुनी. पुढे होऊन दुसऱ्यांना पाण्यात नेण्याची परीक्षाही मी दिली होती. पास झाल्याचं सांगायला गेले तेव्हा मास्तर म्हणाले, "अभिनंदन. कागदावर तरी बुडणार नाही."

मास्तरांची नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात झाली. दाब मोजणारी गेजं तपासायची, चुकलेली दुरुस्त करायची, हे तीस वर्षं. कोकणात एका बुडालेल्या मालवाहू बार्जवर काम करणाऱ्या पाणबुड्यांची गेजं नीट करायला कंपनीनं त्यांना पाठवलं, आणि गेज बरोबर आहे की नाही हे खाली गेल्याशिवाय कसं कळणार, म्हणून हे स्वतःच उतरले. नंतर मग वर यायचं नाव काढीनात. काट्यावर त्यांचा फार विश्वास. "काटा खोटं बोलत नाही," ते सांगत, "आणि बोलायला लागलाच, तर त्याला टेबलावर घ्यायचा. खरं बाहेर येतं." माणसांना टेबलावर घेता येत नाही, ही त्यांची जन्माची खंत होती.

पाण्याशी त्यांचं नातं छंदाच्या पलीकडचं होतं, हे मला एकदाच कळलं. त्यांच्या घरी चहाला गेले होते. बैठकीत बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्या शेजारी पाणबुड्याच्या वेशातला त्यांचा फोटो. मी फोटोकडे बघत होते तर म्हणाले, "आमच्या आजोबांना गावच्या तळ्याला हात लावायची बंदी होती. पाणी बाटतं म्हणे. मी गेली पंचवीस वर्षं अख्खा अरबी समुद्र बाटवतोय, अजून कुणाची तक्रार नाही." मी हसले. ते हसले नाहीत.

त्यांचा एक नियम मात्र सगळ्या जगावेगळा. सिलिंडरात किती हवा उरली हे दाखवणारं काट्याचं गेज प्रत्येक डायव्हरच्या अंगाशी लोंबत असतं. भरलेला सिलिंडर दोनशे दाखवतो, पन्नासच्या आत यायच्या आधी वर निघायचं. जगभर प्रत्येकजण आपापला काटा वाचतो. मास्तरांकडे आपला काटा आपण वाचायचा नाही, जोडीदाराचा वाचायचा आणि बोटांनी त्याला सांगायचा. कारण विचारलं की म्हणत, "स्वतःच्या बाबतीत माणूस उदार असतो. दुसऱ्याचं उणं त्याला नीट दिसतं. पुण्यात तर फारच नीट." ह्यावर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. दंतवैद्यांनी तर सहजीवन आणि परस्परविश्वास अशा विषयावर एक लांबलचक मेसेजही ग्रुपवर टाकला होता.

त्या वर्षी मी डायव्ह कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. घड्याळासारखं मनगटावर बांधायचं हे यंत्र आपण किती खोल आहोत, किती वेळ झाला, फार वेगानं वर येतोय का, हे सांगतं. त्यातलं हवा सांगणारं वाण घ्यावं, तर सिलिंडरच्या तोंडाशी, हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या रेग्युलेटरवर एक ट्रान्समीटर बसतो आणि उरलेल्या हवेचा आकडा बिनतारी मनगटावर येतो. असलं काही घ्यायचं म्हटल्यावर आयटीतली बाई जे करते तेच मी केलं. एक्सेलमध्ये तेवीस रकान्यांचा तक्ता केला आणि पाच महिने निर्णय घेतला नाही. मास्तर दर रविवारी चौकशी करत, "काय संगणक मॅडम, पत्रिका जुळली का?"

शेवटी मी त्यांनाच बुधवार पेठेत घेऊन गेले. इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत एका दुसऱ्या मजल्यावर असली यंत्रं मिळत. दुकानदार गृहस्थ पेपर वाचत होते. आम्ही आल्याचा त्यांना त्रास झालेला दिसला.

"घ्यायचंय, का बघायचंय?" त्यांनी विचारलं.

"बघून घ्यायचंय," मास्तर म्हणाले. "न बघता लोक लग्नं करतात."

गृहस्थांनी पेपर बाजूला ठेवला. बरोबरीचा माणूस भेटल्याचा आनंद लपवणं त्यांना जड गेलं. एकेक यंत्र काउंटरवर येऊ लागलं. मास्तर ते उचलून खिडकीपाशी नेत, हात लांब करून बघत, जवळ आणून बघत आणि नापास करत. पहिल्याला "ही काय रंगपंचमी?" दुसऱ्याला "आकडे आहेत का मुंग्यांची मिरवणूक?" ट्रान्समीटरचं ऐकल्यावर म्हणाले, "पाठीवरचा सिलिंडर मनगटाशी बिनतारी बोलणार? इथे एका खोलीत नवरा-बायकोचं जमत नाही." चौथ्या यंत्राचे आकडे अंगठ्याच्या नखाएवढे होते. ते खिडकीपाशी बराच वेळ धरून त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे घ्या."

"पण मास्तर, माझ्या तक्त्यात हे सातवं आहे. ह्याचं होकायंत्रही धड नाही."

"तुम्हाला मालवणहून परत यायचंय का उत्तर ध्रुवावर जायचंय?"

मी ते घेतलं. जिना उतरताना त्यांनी बजावलं, "जुना काटा काढायचा नाही. बिनतारी बोलणी आहेत, मोडू शकतात." तेवीस रकाने आणि पाच महिने असे एका वाक्यात निकालात निघाले, आणि मला मेलीला त्यात त्यांचं अगाध ज्ञान दिसलं.

डिसेंबरात मालवणला सकाळच्या डायव्हला मी त्यांची जोडीदार होते. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ, खोली बारा मीटर. नव्या खेळण्याचं मला इतकं कौतुक, की मी मनगटाकडेच बघत होते. मास्तरांचा काटा मी बराच वेळ वाचलाच नव्हता. त्यांनी तळहातावर दोन बोटं आपटून खूण केली, हवा किती? मी ऐटीत मनगट पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं, मास्कजवळ नेलं, कारखान्यात गेज तपासावं तसं निरखलं, आणि एक बोट आणि मूठ दाखवून सांगितलं, शंभर. ठीक.

मी मनगट मागे घेऊन पाहिलं. आकडा नव्हताच. ट्रान्समीटरचा संपर्क तुटला होता आणि हवेच्या जागी नुसत्या तीन आडव्या रेघा होत्या.

मी माझा काटा ओढून पाहिला, पंच्याऐंशी. मग त्यांचा पाहिला. तो पन्नासच्याही खाली उतरला होता. मी अंगठा वर केला, म्हणजे वर चला. त्यांनी का म्हणून हात हलवला, मी पुन्हा अंगठा वर केला आणि त्यांचा दंड धरला. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं. त्या तीन मिनिटांत आम्ही एका दोरीला धरून समोरासमोर लटकलो होतो आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. ते माझ्या कानाकडे बघत होते.

होडीवर बाकीची मंडळी पुढे पोह्यांवर तुटून पडली होती. आम्ही दोघं मागच्या टोकाला बसलो.

"मास्तर, माझ्या यंत्रावर शंभर होते?"

"होते."

"तिथे आकडा नव्हता. रेघा होत्या."

ते टॉवेलनं कान पुसत राहिले. एकच कान, बराच वेळ.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीन वर्षं. साखर आहे ना, ती डोळ्याच्या पडद्यात उतरली. चष्म्यानं भागणारं नाही. तुमचे आकडे मी श्वासांवरून अदमासानं सांगतो." मग म्हणाले, "जोडीदाराचा काटा वाचा म्हणालो, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात. एकानंही पुढचा प्रश्न विचारला नाही. शिकलेल्या माणसांचं हे एक बरं असतं. नियम सांगितला की त्यामागचा थोर अर्थ ते स्वतःच शोधतात."

मला त्यांचा राग आला होता, हे कशाला लपवू? तीन वर्षं हा माणूस आम्हाला घेऊन समुद्रात उतरत होता आणि स्वतःच्या जिवाचं गेज आमच्यासारख्या गबाळ्यांच्या भरवशावर ठेवत होता. दुपारी ते दोन नव्यांना नेणार होते. हिंजवडीत नोकरी करणारं तरुण जोडपं, समुद्रात पहिल्यांदाच उतरणारं. "दुपारी त्यांना तुम्ही नेणार नाही," मी म्हणाले.

"मला तुम्ही सांगणार?"

"हो."

"कागदावर पास झालेल्या."

"हो. आणि डोळे असलेल्या."

हे बोलायला नको होतं. ते उठून पुढे गेले. मी मात्र ठरवलं होतं, त्यांनी पाण्यात पाय टाकला तर होडीभर सगळ्यांसमोर सांगायचं. त्या माणसाचा असा पाणउतारा माझ्या हातून व्हावा, ह्या विचारानं मी पोह्यांची बशी तशीच परत केली.

दुपारी त्यांनी सिलिंडर चढवला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी त्या नव्या जोडप्यातल्या मुलीला जवळ बोलावलं आणि आपलं गेज तिच्यापुढे धरलं.

"किती आहे?"

"दोनशे, सर."

"मला ठाऊक नाही. मला दिसत नाही. तीन वर्षं झाली, दिसत नाही." दंतवैद्यांचा घास हातात राहिला. "आता सांगा, अशा माणसाबरोबर खाली याल?"

मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मुलगा सज्जन होता. म्हणाला, "सर, तुम्ही असाल तर आम्ही डोळे मिटून येऊ. नो इश्यू."

"एकाचे मिटलेले पुरे आहेत," मास्तर म्हणाले आणि पट्टे सोडू लागले. "असं म्हणणारी माणसं असतात, म्हणूनच जायचं नसतं. मॅडम नेतील तुम्हाला. त्या चिडक्या आहेत, पण त्यांना दिसतं."

त्यानंतर ते समुद्रात उतरले नाहीत. रविवारी तलावावर मात्र येत. काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वर येणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज ऐकत आणि मधूनच ओरडत, "डावीकडे कोण धापा टाकतंय? डॉक्टर का?" दंतवैद्यच असत. काटा आता प्रत्येकजण स्वतःचाही वाचतो आणि जोडीदाराचाही. ग्रुपवर त्याबद्दल कुणी मेसेज टाकला नाही.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना नागपूरला न्यायला आली. जायच्या आधीच्या रविवारी ते पोहण्याच्या कपड्यांत आले. "मला एकदा खाली न्या," म्हणाले.

"डॉक्टरांची परवानगी आहे?"

"लिहून दिलीय. त्यांचं अक्षर मला दिसत नाही आणि तुम्हाला लागणार नाही."

मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. परवानगी खरंच होती, तलावापुरती. मी त्यांच्या सिलिंडरवर दुसरा ट्रान्समीटर बसवला, कारण माझं यंत्र दोघांची हवा दाखवू शकतं. त्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "शेजाऱ्याच्या घरात डोकवायचं यंत्र. पुण्यात खपेल."

खोल बाजूच्या तळाला ते मांडी घालून बसले. मी त्यांचा हात धरून शेजारी बसले. त्यांनी डोळे मिटले होते. श्वास इतका संथ चालला होता, की दोन बुडबुड्यांच्या मध्ये मला धास्ती वाटायची. त्यांना मी असं निवांत कधीच पाहिलं नव्हतं. जमिनीवर तर नाहीच. पंचेचाळीस मिनिटं झाली. वर काठावर त्यांची मुलगी वाकून बघत होती. मी त्यांचा हात दाबला. ते हलले नाहीत. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा मी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि हळूहळू वर आणलं.

त्यांनी मास्क कपाळावर सरकवला. तोंडावरून हात फिरवला.

"हवा किती उरली होती?" त्यांनी विचारलं.

"माझी सत्तर. तुमची एकशे दहा."

"मग वर कशाला आणलंत?"