नागपूरला लागलेला पहिला कॉल
गरम मशीनवरच्या धुळीचा वास आला, की हिंदी मुलखातल्या रिछाईच्या कारखान्यातली ती खोली आठवते. आमचं टेलिफोन एक्स्चेंज एका कंपनीनं बनवलेलं, नागपूर ऑफिसचं दुसऱ्याच कंपनीनं. दोन्ही मी नेटवर्कवरून जोडून राहिलो होतो. पहिला कॉल लागला, पण तिकडच्या ऑपरेटरचं मला ऐकू येई, माझं तिला नाही. ती म्हणत राहिली, "बोला ना जी, काहून बोलून नाही राहिले? जेवले नाही का आज?" आई गेल्यापासून तिथल्याच चेरीतालच्या आमच्या घरात मराठी कोणी बोललं नव्हतं. सेटिंगमधली चूक मला सापडली होती, तरी मी हात न लावता ऐकत बसलो. शेवटी चूक दुरुस्त केली आणि एवढंच म्हणालो, "टेस्टिंग ओके, मॅडम." आता वाटतं, जेवलो नाही हे तरी सांगायचं होतं.