ओठ दिसतील असं नेट

माझे बाबा बहिरे आहेत हे मला शाळेत जाईपर्यंत कळलंच नव्हतं. लालबागच्या आमच्या चाळीत निम्मे म्हातारे तसेच होते. गिरणीच्या साचेखात्यात आयुष्य गेलेली माणसं. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम धडधडत असताना कुणाचं काय कानावर पडणार? मग ते एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचे, उरलेलं हातांच्या खुणांनी. गिरणी बंद पडली, कान गेले ते गेलेच, ओठ वाचायची सवय तेवढी राहिली. आमच्या घरात हाक मारायची पद्धत नव्हती. समोर जायचं, उजेडाकडे तोंड करायचं आणि तोंड मोठं उघडून एकेक शब्द टाकायचा. आवाज नसला तरी चालायचं. बाबांपासून काही लपवायचं असलं की पाठ करायची. मी आणि ताई परीक्षेचे मार्क एकमेकांना भिंतीकडे तोंड करून सांगायचो.

ती सवय मला जन्माची चिकटली. लग्न झाल्यावर बायको म्हणाली, "अरे, मी शेजारीच बसलेय, एवढं तोंड फाडून काय बोलतोस?" ती माटुंग्याची. तिच्या माहेरी सगळे ओठांतल्या ओठांत पुटपुटतात. बाबांना तिचं एक अक्षर कधी कळलं नाही, आणि याचं दोघांनाही काही वाटत नसे.

आम्ही दोघं चीनमध्ये राहतो. मी कापड तपासतो. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी मागवलेला माल इथल्या कारखान्यात जाऊन बघायचा, डाग, तुटलेला धागा, रंगातला फरक. नोकरी लागली तेव्हा बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मगे आमचे साचे थंय गेले." रागाने म्हणाले की गमतीने, ते मी विचारलं नाही. आई गेल्यापासून ते खोलीत एकटेच होते. ताई कॉटन ग्रीनला राहायची. ऑफिस सुटलं की डबा घेऊन त्यांच्याकडे यायची आणि रविवारी दिवसभर थांबायची.

आता बहिऱ्या माणसाला नुसता फोन करून काय कपाळ करणार? व्हिडिओच हवा. आणि व्हिडिओची इथे बोंब. इकडचं अॅप भारतात बंद, तिकडचं इकडे बंद. मधून आडवाटेने जायचं तर चित्र अडकणार. बाबांचं तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, आणि ते तसेच. आपण बघत बसायचं, हलतायत का, हलतायत का. मग एकदम सगळं हलायचं आणि पुन्हा थांबायचं. माझं तोंड त्यांना तसंच दिसत असणार. ते दोन बोटं कात्रीसारखी हलवायचे. साचेखात्यातली खूण, धागा तुटला. ताई म्हणायची, "मी सांगते ना त्यांना तुझं." पण ती सांगणार काय, तर बरा आहे, जेवला.

वर्षानुवर्षं तेवढ्यावर भागवलं. मग बाबांच्या पोटात दुखायला लागलं, अंग उतरलं, आणि परळच्या एका इस्पितळात तपासण्या सुरू झाल्या. तेव्हा मी हट्टाला पेटलो. मला माझ्या बापाशी बोलायचं होतं, ताईमार्फत नाही.

इथल्या इंटरनेटच्या दुकानात गेलो आणि त्यांच्याकडचा सगळ्यात वेगवान प्लॅन मागितला. त्यांचा माणूस माझ्याआधी घरी पोचला असेल. बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आत आला, डबा बदलला, वायर बदलली, स्क्रीनवर वेगाचा आकडा हजारावर नेऊन दाखवला आणि अंगठा वर करून गेला. त्या संध्याकाळी फोन लावला. बाबांचं तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले.

माझं टाळकं सटकलं. हजाराचा वेग काय चाटायचाय? बायको म्हणाली, शांत हो. मी शांत होणाऱ्यातला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मराठी-हिंदी-इंग्रजीतून भांडलो. काउंटरवरची मुलगी हसत राहिली. मग तिने फोनमधल्या भाषांतराच्या अॅपवर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं. अर्थ असा, की वेग शहरातल्या शहरात आहे, देशाबाहेर जायचा रस्ता अरुंद आहे, बाहेरच्यांशी बोलायचं तर वेगळी जोडणी घ्यावी लागते. काल सांगायला काय झालं होतं, बाई? पण घेतली. तिकडे ताईने केबलवाल्याच्या मागे लागून चाळीत नवीन लाइन ओढून घेतली.

आणि दिसलं. इतकं स्वच्छ, की बाबांच्या मागच्या भिंतीवरची उडालेली सफेदी दिसत होती, पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसत होती. बाबा स्क्रीनजवळ आले, बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मिशी बारीक कर. ओठ दिसत नाय." मी उठलो, मिशी कापून आलो. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. खरं म्हणजे तेच बोलले. बांगडा महागला, नळाला पाणी नाही, शेजारचा खोली विकून विरारला गेला. मी विचारायचो, ते वाचायचे, उत्तर द्यायचे. एकदाही कात्री नाही. फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडलो.

नंतरचे रविवार असेच गेले. डॉक्टर अल्सर म्हणतायत, असं बाबांनीच मला सांगितलं.

त्या रविवारीही बाबा बोलत होते. ताईने फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला आणि ती गॅलरीत गेली. तेवढ्यात तिचा मेसेज आला. "अल्सर नाही. गाठ आहे, पसरली आहे. तीन-चार महिने म्हणतात. त्यांना काही सांगितलेलं नाही. चेहरा नीट ठेव."

चेहरा मी नीट ठेवला. ऑफिसच्या कॉलमध्ये करतो तसा माईक बंद केला, बायकोकडे अर्धवट वळलो आणि म्हणालो, "गाठ आहे. तीन-चार महिने म्हणतायत. आत्ता जाऊ, का नंतर? रजा एकदाच मिळेल." बायकोने तोंडावर हात धरला. मी माईक चालू केला आणि हसून बाबांकडे बघितलं.

बाबा बोलायचे थांबले होते. मला वाटलं, अडकलं. मग त्यांनी डोळे पुसले.

"आता येव नको," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या गॅलरीला ऐकू गेला असणार. "रजा एकदाच गावतली मां? ती तेव्हाच घे."

हा प्रश्न मी त्यांना विचारलाच नव्हता. ताई धावत आत आली, त्यांच्याकडे बघितलं, मग फोनकडे. बाबांनी तिला हाताने बाजूला केलं आणि मला विचारलं, "जेवलस?" मी म्हटलं, हो. पुढे बांगड्याचा विषय निघाला. काय बोललो, देवाला माहीत.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ती रडत नव्हती. "मी तीन दिवस त्या माणसासमोर तोंड शिवून बसले," ती म्हणाली. "मेसेज करायलासुद्धा गॅलरीत गेले. तुला पाठ करता येत नव्हती?"

आमच्या घरात ते शेंबडं पोरसुद्धा करायचं.

मी त्याच महिन्यात गेलो. दारात मला बघितल्यावर बाबांनी खाटेवर कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बहिऱ्या माणसाने तोंड फिरवलं की संपलं, तुम्ही बोंबलत बसा. दुसऱ्या दिवशी चहा घेताना ते आपणहून समोर बसले. "तेव्हा कोण येतलो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ताई आहे." त्यांनी मान हलवली. मग रजा संपेपर्यंत आम्ही त्यावर एक शब्द काढला नाही. मी त्यांची दाढी केली, पाय चेपले, गॅलरीत खुर्ची टाकून उन्हात बसवलं. शेजारचे म्हातारे येऊन त्यांच्याशी तोंड हलवून बोलायचे आणि मी मध्ये बसून ऐकत असल्यासारखं करायचो. निघताना त्यांनी पाया पडू दिलं, डोक्यावर हात ठेवला. बरा झालं आयलस, असं काही म्हणतील म्हणून मी थोडा रेंगाळलो. ते म्हणाले नाहीत.

नंतर जाता आलं नाही. मॅनेजरने ऐकून घेतलं, वाईट वाटतं म्हणाला, आणि महिना संपेपर्यंत माल रवाना व्हायचाय म्हणाला.

ताईने व्हिडिओ लावला तेव्हा सगळे आले होते. ती गर्दीतून वाट काढत खाली बसली आणि फोन बाबांच्या चेहऱ्याजवळ नेला. नेट उत्तम होतं. हनुवटीवरची पांढरी खुंटं दिसत होती, नाकातला कापूस, ओठांवर ठेवलेलं तुळशीचं पान. मी "बाबा" म्हणालो, तोंड मोठं उघडून म्हणालो. चेहरा हलेना. मी वाट बघत राहिलो आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "ताई, अडकलंय गं."

तेव्हा बाजूने ताईचा हात आला आणि तिने ओठांवरचं पान सारखं केलं.