जाळीतली रांगोळी
शेव्हरच्या तेलाचा वास आला की आखातातल्या अल मजाज भागातल्या आमच्या फ्लॅटमधला आरसा आठवतो. आई-बाबा आमच्याकडे राहायला आले होते. बाबांचे हात थरथरू लागल्यापासून रेझर लागून रक्त यायचं, म्हणून त्यांनी दाढी करणंच सोडलं होतं. आई कुरकुरायची, “सुतक असल्यासारखे दिसतायत.” शेवटी मी त्यांना शेव्हर घ्यायला दुकानात नेलं. गोल डोक्यांची मशीनं बाजूला सारून त्यांनी जाळीवालं उचललं. “पातं कुठंय?” मी म्हटलं, “जाळीच्या आत. केस आत जातात, कातडी बाहेर राहते.” “आणि हे केसांना कोण सांगतं?” दुकानदार हसला, “चाचा, बस दबाना मत.” घरी मी वाढलेली दाढी कात्रीने बारीक केली, तोवर त्यांनी सवयीने ब्रशने फेस लावलासुद्धा! तो पुसून, कातडी ताणून मी एका गालावर जाळी फिरवली. दुसरा गाल त्यांनी स्वतः केला, न्हाव्यापुढे फुगवावा तसा फुगवून. हात थरथरत होता, पण रक्ताचा थेंब आला नाही. मग त्यांनी जाळी काढून कागदावर झटकली आणि पांढरी पूड चिमटीत धरली. “अरे, ही तर रांगोळी!” मी खूप हसलो होतो. आज सकाळी माझं मशीन झटकलं, तर कागदावर रांगोळी पडली.