माथा नावाचा मॅक्रो

मुलचेऱ्याकडच्या एका आश्रमशाळेत मी कॉम्प्युटरवर होते. शेजारच्या टेबलावर आमचे मोठे बाबू, चंद्रपूरचे, निवृत्तीला दोन महिने उरलेले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. एका बोटाने टाइप करत त्यांनी मुलांचे शेकडो दाखले कॉम्प्युटरवर चढवले होते. त्यात दोन वर्षं गेली.

मग इंजिनिअर येऊन नवं वर्ड टाकून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून कुठलाही दाखला उघडला की पाटी येऊ लागली: या फाईलमध्ये मॅक्रो आहे, व्हायरस असू शकतो, चालू द्यायचा का? इंजिनिअर फोनवर म्हणाला, सगळं पुसा. मुख्याध्यापकांना कॉम्प्युटरची तशीही धास्तीच. त्यांनी शनिवार ठरवून टाकला.

भाऊंनी डबा उघडणं सोडलं. गुरुवारी जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, हा रोग मीच आणलो. ऊर्जानगरच्या पुतण्याची फ्लॉपी लावलो होतो. शायरी होती तिच्यात. कोनाले सांगू नका."

मला रागच आला, खरं सांगते. शायरीपायी दोन वर्षं पाण्यात! पण त्यांचा चेहरा पाहून "नाही सांगत" म्हटलं.

मॅक्रो म्हणजे फाईलमध्येच साठवलेली, एका बटणावर होणारी कामं. प्रत्येक मॅक्रोला नाव असतं. निदान नावं तरी बघू, म्हणून शुक्रवारी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला: एकेक फाईल उघडायची, मॅक्रो चालू द्यायचा नाही, फक्त त्याचं नाव उतरवून घ्यायचं. भाऊ खुर्ची ओढून शेजारी बसले.

यादी सरकू लागली. माथा. माथा. माथा. शेवटपर्यंत दुसरं नाव नाही.

माथा माझा होता. नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकता शिकता केलेला. बटण दाबलं की कागदाच्या वर शाळेचं नाव-पत्ता उमटायचा. भाऊंच्या पहिल्या दाखल्यात तो ठेवला आणि विसरून गेले. भाऊ कोरी फाईल कधी घेतच नसत. जुना दाखला उघडायचा, पोराचं नाव खोडून दुसरं घालायचं, नव्या नावाने ठेवून द्यायचा. दाखल्यामागून दाखला, माझा मॅक्रो सगळ्यांत गेला होता. जुन्या वर्डने कधी विचारलं नाही, इतकंच.

क्षणभर वाटलं, बोलूच नये. मग म्हटलं, "भाऊ, रोगबिग काही नाही. ही माझीच करामत आहे."

"म्हंजे माह्या फ्लॉपीनं नाई?"

"नाही."

त्यांनी रुमालाने डोळे पुसले. "दोन दिवस जेवन गेलं नाई मले, बाई, तुमच्यापायी!" असं म्हणत हसत सुटले आणि तिथेच डबा उघडला.

मुख्याध्यापकांची बोलणी मी खाल्ली. पुसणं टळलं. बोलणी खाऊन इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

सगळ्या दाखल्यांतून मॅक्रो काढून टाकते म्हटलं, तर भाऊ म्हणाले, "काऊन? राहू द्या."

निवृत्तीच्या दिवसापर्यंत पाटी आली की ते एका बोटाने 'हो' दाबत आणि तिला म्हणत, "ये पोरी, आपलीच आहेस."