नेसरीच्या आजींची हळद

तू प्रयोगशाळेत नेमकं करतेस काय, असं इथं बऱ्याच जणांनी विचारलंय. आज सांगतेच, कारण सकाळी दवाखान्यात माझं भांडण झालं.

बाळ जन्मल्यावर नाळेत उरलेलं रक्त आम्ही घेतो. त्यातल्या काही पेशींपासून पुढं हाड, कूर्चा घडू शकते, म्हणून त्या वाढवून बघायच्या. आजच्या बाळाच्या आईनं आनंदानं होकार दिलेला. पण तिची सासू नेसरीहून नवं मडकं घेऊन दारातच उभी!

"नाळ कुणालाबी देणार न्हाय. रानात पुरायची हाय आमाला."

मीही चिडले. "आजी, नाळ न्या, तिच्यासंगं पडलेली वार न्या. मला फक्त आतलं रक्त पायजे. न्हाईतर ते वायाच जातंय की!"

"त्येचं काय करतीस?"

"वाढवून बघते. दरवेळी वाढतंच असं न्हाय."

"मग पेरल्यागतच हाय की!" आजींनी पुरताना वाहायला आणलेल्या हळदीतली चिमूट माझ्या हातावर ठेवली. "तुज्या पेरणीलाबी असू दे. उगवलं की सांग."

रक्तातल्या पेशी आत्ताच उबेच्या यंत्रात ठेवल्या. हळद आत चालत नाही, म्हणून यंत्राच्या दारावर बाहेरून एक पिवळं बोट टेकवलं.

उद्या प्रयोगशाळेतले आमचे सर तो ठसा बघतील. तुम्ही माझ्या जागी असता तर पुसला असता?